बेलीला दोन भावांपलीकडे काहीच नव्हतं का?

अमेरिकन लेखिका जेनी हानवर मी इतकी चिडेन असं कधी वाटलं नव्हतं. तिच्या 'द समर आय टर्न्ड प्रिटी' या कादंबरीमालेचा तिसरा, शेवटचा भाग आज दुपारी संपवला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. जिने 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर'मधली लारा जीन लिहिली, तिनेच ही नायिका, बेली, लिहिली?

लारा जीनची पुस्तकं मी आणि माझ्या नववीतल्या लेकीने मिळून वाचली. रात्री जेवणं उरकली की एक पान ती, एक पान मी. लारा जीनने आवडलेल्या मुलांना लिहून कधीच न पाठवलेली पाच पत्रं तिची धाकटी बहीण किटी परस्पर पाठवून देते ते कळलं, तिथे लेक एकदम गप्प झाली. मग उठली, भूगोलाच्या वहीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. वर्गातल्या एका मुलाला लिहिलेलं, कधीच न दिलेलं पत्र. "वाच, पण काही बोलू नकोस." मी नाही बोलले. दुसऱ्या दिवशी तीच सगळं बोलली.

हे त्या पुस्तकामुळे झालं, कारण त्या प्रेमकथेला घर होतं. आई गेलेली, थोरली बहीण मार्गो शिकायला स्कॉटलंडला निघालेली, घर अचानक मधल्या लारा जीनच्या अंगावर पडलेलं. तिचा नायक पीटर आवडतोच, पण तो नसता तरी लारा जीन पुस्तकभर पुरली असती.

आणि बेली? कॉनराड की त्याचा भाऊ जेरमाया, कुणावर प्रेम करायचं, एवढंच. तिला पुढे काय करायचंय हे तिन्ही भाग वाचून मला सांगता येणार नाही. जेरमाया दुसऱ्या मुलीबरोबर गेला हे तिला कळतं, तो माफी मागतो, लग्नाचं विचारतो आणि ही हो म्हणते! कॉलेजचं पहिलं वर्ष जेमतेम सरतंय. लेकीने हा भाग माझ्याआधी वाचला. आज मला विचारते, "आई, त्याने असं केलं तरी हो कशी म्हणाली गं?" मला तो भूगोलाच्या वहीतला कागद आठवला आणि पोटात गोळा आला. उद्या हिच्याशी कुणी असं वागलं तर?

शेवटी ते लग्न मोडतं, मान्य. पण मोडतं कॉनराडमुळे. स्वतःच्या अपमानाचा राग येऊन बेली उठून गेली असती, तर मी हानला सगळं माफ केलं असतं.

ही पुस्तकं 2009 ते 2011 मधली, लारा जीन 2014 पासूनची, हेही ठाऊक आहे. लेखिका वाढत गेली असेल. ठीक.

पण हळहळ वाटते ती त्या दोन भावांची आई सुझॅना आणि बेलीची आई लॉरेलसाठी. दोन जिवलग मैत्रिणी, दर उन्हाळ्यात मुलाबाळांसकट समुद्रकाठच्या त्या घरात एकत्र. एकीचा कॅन्सर उलटतो, ती जाते. लॉरेल मागे उरते. त्या बाईचं दुःख मला वाचायचं होतं, मनापासून वाचायचं होतं. ती लग्नाला ठाम विरोध करते तेव्हा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं. बेली काय करते? आईचं घर सोडून निघून जाते.

लेक म्हणते, "तू आई आहेस म्हणून तुला लॉरेल आवडते." असेलही. पण भूगोलाच्या वहीतला कागद मला दाखवणारी मुलगी बेलीच्या जागी असती, तर तिला निदान आईशी बोलावंसं वाटलं असतं.

ज्यांना बेली आवडली त्यांनी खरंच सांगा, तिच्यात काय दिसलं. आणि घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर तिच्या हातात आधी लारा जीन द्या.