उडायला पैसे नव्हते, म्हणून क्लार्क केंट मिळाला

सुपरमॅनचा विषय निघाला की सगळे सिनेमातल्या ख्रिस्तोफर रीव्हचं नाव घेतात, मी टीव्हीवरच्या जॉर्ज रीव्ह्जचं घेणार. १९५२ ते १९५८, अमेरिकन टीव्हीवरची 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन', १०४ भाग. आज तिची क्लिप दिसली की लोक हसतात आणि पुढे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैशांची चणचण होती हे खरंच आहे. पहिले दोन सीझन ब्लॅक अँड व्हाइट, त्यात लाल-निळा नीट उठून दिसेना म्हणून ड्रेसच तपकिरी आणि करडा शिवलेला. एका सेटवरचे तीन-चार एपिसोडचे सीन एकदमच उरकायचे, मग कुठला सीन कुठेही जोडता यावा म्हणून क्लार्क केंटचा, म्हणजे सुपरमॅनच्या रोजच्या रिपोर्टर रूपाचा, सूट तोच, त्याच्यासोबतची रिपोर्टर लोईस हिचे कपडे तेच. उडण्याचा एक शॉट मिळाला की तोच परत परत वापरायचा. आधी तारेला लटकवायचे, तार तुटून रीव्ह्ज खाली आपटला, मग स्प्रिंगबोर्डवरून खिडकीबाहेर उडी.

पण बघा ना, उडणं एवढं महाग म्हटल्यावर सुपरमॅन येणार थोडा वेळ, बाकी अख्खा एपिसोड क्लार्क केंटनेच ओढायचा, आणि तिथेच ही सिरीयल मला नंतरच्या कितीतरी मोठ्या सिनेमांपेक्षा भारी वाटते. रीव्ह्जचा क्लार्क बावळट नाही, धडपडत नाही. गुंडाच्या डोळ्यात बघून प्रश्न विचारणारा पक्का रिपोर्टर आहे तो, चष्मा काढला नाही तरी त्याचा धाक वाटतो. आणि पहिल्या सीझनमधली फिलिस कोट्सची लोईस! बातमीसाठी कुठेही घुसेल, कोणाचं ऐकणार नाही. नंतरची नोएल नीलही गोड, पण तो कडकपणा कोट्सचाच.

सिरीयलच्याही आधी, १९५१ साली, याच रीव्ह्जला घेऊन 'सुपरमॅन अँड द मोल मेन' नावाचा तासाभराचा सिनेमा काढला होता. तेलाच्या खोल विहिरीतून बुटकी माणसं, म्हणजे हे मोल मेन, वर येतात आणि गाव त्यांना मारायला निघतं. त्या माणसांची बंदूक म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा सांगाडा, हो, दिसतं ते. पण हॉस्पिटलबाहेरचा सीन बघा. आत जखमी मोल मॅन, समोर बंदुका घेतलेला जमाव, आणि मधे सुपरमॅन एकटा. मारामारी जवळजवळ नाहीच, तो सरळ त्यांच्या हातातल्या बंदुका काढून घेतो आणि नाझींसारखे वागू नका म्हणून सुनावतो. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड जोरात होती, तेव्हा मुलांच्या हिरोच्या तोंडी हे! जमावाच्या पुढाऱ्याचं काम करणारा नट जेफ कोरी त्याच वर्षी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या चौकशी समितीसमोर उभा राहिला, इतरांची नावं सांगायला नकार दिला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला सिनेमात काम मिळालं नाही. हे कळल्यावर तो सीन परत बघताना अंगावर काटा येतो.

तर रंगीत सीझनपासून सुरुवात करू नका प्लीज, तोपर्यंत निर्माता बदलला होता आणि सगळं फारच लहान मुलांसाठी झालं होतं. पहिला सीझन बघा, तो खरोखर अंधारा आणि टोकदार आहे. मोल मेनचा सिनेमाही कापून दोन भाग करून त्याच सीझनच्या शेवटी लावलाय, पण शक्यतो अखंडच बघा.