आजोबा हळदीच्या व्यापारात नव्हते

आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी विचारलं की सांगायचं, "मामा हळदीच्या व्यापारात होते." मामा म्हणजे माझे सासरे. सांगलीत एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीतही हेच वाक्य होतं आणि पुढे माझ्या मुलाने शाळेच्या वहीत 'माझे आजोबा' लिहिताना मीच त्याला ते सांगितलं.

मामा मार्केट यार्डात हमाल होते. लग्नानंतर महिन्याभरात मला ते कळलं होतं. माळ्यावर जुन्या ट्रंकेमागे पोतं उचलायचा लोखंडी हूक होता आणि मामांच्या नखांच्या कडा म्हातारपणीही पिवळसर होत्या. पण मोठ्याने कुणी बोलायचं नाही, म्हणून मीही बोलले नाही. मामा 2011 ला गेले. नातवंडांना त्यांचं जे काही कळलं ते हारातल्या फोटोपुरतं.

मग 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं मारुती चौकाजवळचं दुकान शिवणाच्या सामानाचं: अस्तर, चेन, बटणं, दोरे. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो होतो. नवरा दिवसभर फोन हातात धरून एका जागी बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. पोरं बापाकडे बघून गप्प झाली होती. एका रात्री मुलीने विचारलं, "आता आपण गरीब होणार का?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. आत्ती, माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "झालोय की आदी बी. लई येळा."

आणि त्या रात्री त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या भूकंपात जवळजवळ 180 माणसं गेली. आत्तींच्या आईने त्यांना वाकळेसकट ओढत अंगणात आणलं, तोवर मागची भिंत बसली होती. गोठ्यातली जनावरं दावी तोडत होती. पुढे कितीतरी दिवस घरात पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. भर थंडीत सगळा गाव भाताच्या पेंढ्यांच्या आडोशाला झोपायचा. शेजारच्या एका घराबद्दल मात्र त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त "त्ये घर पडलं" म्हणाल्या. पुढचं मी विचारलं नाही, अजूनही विचारत नाही. काही गोष्टी कधी सांगायच्या आणि सांगायच्या की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग मामांची गोष्ट. 1972 च्या दुष्काळात ते खानापूर तालुक्यातून मुंबईला गेले, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. लालबागेत एका गाळ्यात गावाकडचे वीसेक जण पाळीपाळीने झोपायचे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मामांनी दीड वर्ष वाट बघितली, भांडी विकली आणि चार वर्षांच्या पोराला घेऊन सांगलीत आले. ते पोर म्हणजे माझा नवरा. आत्ती रोजाने भांगलणीला जायच्या, मामा यार्डात पोती उचलायचे. हरिपूरच्या पेवांतही उतरायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार, वर तोंड लहान आणि खाली माणूस हरवेल एवढं पोट. झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा जीव घेते. आधी दोरीने कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस खाली जायचा.

मुलगा उठून बसला होता. "आजोबा उतरायचे?" "तर. तुज्या बापाच्या शाळंची फी त्यातनंच." नवऱ्याने त्या रात्री चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "मला आठवतंय. घरी आले की त्यांच्या कपड्यांना हळदीचा वास यायचा." आणि मग बापलेक कितीतरी वेळ बोलत राहिले.

पाणी उतरल्यावर दुकानातला चिखल काढताना माझा मुलगा आमच्याबरोबर होता. त्याची भीती त्या एका रात्रीत पळाली असं मी म्हणणार नाही. पण 'आपलं आता काय होणार' हे विचारणं थांबलं आणि 'आजोबांनी मग काय केलं' हे विचारणं सुरू झालं. आई म्हणून मला हा फरक फार मोठा वाटला.

नंतर यावर वाचताना कळलं की अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी नेमका यावर अभ्यास केला आहे. त्यांनी मुलांसाठी 20 साधे प्रश्न काढले. आजी-आजोबा कुठे वाढले माहीत आहे का, आईवडिलांची भेट कशी झाली माहीत आहे का, अशा धर्तीचे. ज्या मुलांना घरातलं जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे ही भावनाही. त्यातही बळ देणारी गोष्ट कुठली, तर चढही सांगणारी आणि उतारही. ड्यूक यांनी हेही स्पष्ट केलं की उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही. खरी किंमत आहे ती जेवताना, प्रवासात, सणावाराला पुन्हा पुन्हा सांगण्या-ऐकण्याची.

आपल्याकडे नेमकी उताराचीच पानं फाडून टाकतात. नणंदेने मला दुसऱ्याच दिवशी बाजूला घेतलं. "वहिनी, पोरांना हमालीचं कशाला सांगायचं? शाळेत चिडवतील." तिचं दुखणं मला कळतं. तिने ते चिडवणं स्वतः सोसलंय, मी नाही. पण मुलांना सगळे पराक्रमीच पूर्वज दिले तर दुकान बुडालेल्या दिवशी त्या पोराने कुणाकडे बघायचं? तलवार घेतलेल्या पूर्वजाकडे बघून चिखल काढायचं बळ येत नाही. हूक खांद्याला लावून निघालेल्या आजोबांकडे बघून येतं.

आणखी एक सांगायचं आहे, आणि हे मी माझ्या पिढीच्या आईबापांना कळकळीने सांगते आहे. "आमच्या वेळी आम्ही चालत शाळेत जायचो" ही गोष्ट नव्हे. ते बोलणं असतं, बोलणी खाणं म्हणतो त्यातलं. मुलाने मोबाइल ठेवावा म्हणून आजोबांची हमाली काढली तर पोर दोन्हीवर चिडतं, मोबाइल काढून घेणाऱ्यावर आणि आजोबांवर. आत्तींनी त्या रात्री कुणाला काही शिकवलं नाही. लसूण सोलता सोलता सांगितलं.

आमच्याकडे हेळवी येतो. ज्यांच्याकडे येत नाही त्यांच्यासाठी सांगते, पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळणारे हे लोक. चोपडी उघडून तो खापरपणजोबांपर्यंतची नावं म्हणून दाखवतो. ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. पण आमच्या घराच्या त्या यादीत सगळे पुरुष आहेत. गेल्या खेपेला मुलीने विचारलं, "यात आजी कुठंय?" तो बिचारा पानं चाळत राहिला. तेव्हापासून मी आत्तींचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. दर रविवारी नाही जमत. कधी त्यांचे गुडघे दुखतात, कधी मला दुकानात थांबावं लागतं. पण नऊ-दहा तासांचं जमलंय.

गेल्या आठवड्यात पुन्हा पेवाची गोष्ट निघाली. मुलगी आता तेरा वर्षांची आहे, तिला ती तोंडपाठ आहे. तरी तिने मध्येच थांबवून विचारलं, "आजी, आजोबा खाली गेले तेव्हा तू कुठं होतीस?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. आत्ती थोडा वेळ गप्प बसल्या.

"वर. त्या दिशी एक गडी कमी होता. कंदिलाची दोरी माज्याच हातात हुती."