दोघंही शिकताय? मग कमवतं कोण?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक करून पुढं जावं.

आमच्या डिपार्टमेंटला यंदा पीएचडीला लागलेली एक मुलगी आणि तिचा नवरा (तोही पीएचडीलाच, विषय वेगळा) यांनी सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या अलीकडं एक ब्लॉक पसंत केला होता. टोकन देऊन झालं होतं. आज दुपारी घरमालकांचा फोन आला, "तुम्ही दोघं स्टुडंट आहात हे आधी बोलला नाहीत. आम्हाला फॅमिली पाहिजे." टोकन जीपेवर परत, विषय संपला. लग्नपत्रिका, आधार कार्ड, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळं दाखवून झालं होतं हो. अजून काय दाखवायचं होतं, डोहाळजेवणाचा फोटो?

ती लॅबमध्ये येऊन गप्प बसली, आणि मला मी नि माझा नवरा घर शोधत फिरत होतो तेव्हाच्या जुळे सोलापूरमधल्या काकू आठवल्या. दोन मजली बंगला, वरचा मजला रिकामा, गेटला पाटी. काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं, चहा टाकला. भाडं ठरलं. गाडी कुठं लावायची, वाळवण कुठल्या बाजूला घालायचं, सगळं दाखवलं. मग जाता जाता विचारल्यासारखं, "काय करताव?" आम्ही म्हटलं, दोघंही विद्यापीठात पीएचडी करतोय. काकूंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"दोघंबी शिकताव? मग कमवतंय कोण?"

मी म्हटलं, "मी." ते तर त्यांना अजूनच पटलं नाही.

खरं सांगायचं तर जेआरएफला (पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप) 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत, वर घरभाडं भत्ता वेगळा. पण ते पैसे पगारासारखे एक तारखेला येत नाहीत. येतात तेव्हा चार-पाच महिन्यांचे एकदम येतात, आणि मधल्या काळात पासबुक बघितलं तर आम्ही दारिद्र्यरेषेखालचे. घरमालकाला पाहिजे सॅलरी स्लिप. आमच्या एका मित्राला, जो एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतो आणि ज्याचा पगार माझ्या निम्मा आहे, त्याला बघता क्षणी घर मिळालं. का? स्लिप आहे.

बरं, केगावला बघावं म्हटलं, विद्यापीठ तिथंच पुणे रोडला आहे, चालत जाता येईल. तिथं खोल्या भरपूर आहेत, पण सगळ्या कॉट बेसिसवर, कॉलेजच्या पोरांसाठी बांधलेल्या. एका खोलीत चार कॉट, बाथरूम कॉमन. तिथला मालक म्हणतो, "मॅडम, इथं सगळी पोरं आहेत, तुम्ही फॅमिली, इथं कसं जमेल?" म्हणजे विजापूर रोडला आम्ही स्टुडंट आणि केगावात फॅमिली. जिथं जे नको ते आम्ही. हॉस्टेलचं तर बोलायलाच नको, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं, नवरा-बायकोनं तिथं रविवारी गेटवर भेटायचं.

मग सगळे शहाणे सांगतात, एरिया चांगला बघा. सोलापुरात एरिया चांगला म्हणजे काय ते मी सांगते. पहिला प्रश्न अंतर नाही, बाजार नाही, पाणी. 117 टीएमसीचं उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, आणि आपण नळाला चार-चार दिवस वाट बघणारे लोक. त्यामुळे खाली हौद किती मोठा आहे, मोटर मालक स्वतः लावतो की आपल्याला लावू देतो, वरच्या टाकीचा कॉक कुणाच्या हातात आहे, हे विचारायचं. दुसरा प्रश्न, स्लॅबवर काही आहे का. वरचा मजला आणि डोक्यावर उघडा स्लॅब असेल तर एप्रिल-मे मध्ये 43 डिग्रीत त्या खोलीत थिसिस लिहून दाखवा. तिसरं म्हणजे लाईटचा सबमीटर आणि युनिटला मालक किती लावणार. एवढं कळलं की मग बाळे, शेळगी, होटगी रोड काय असेल ते बघा. पण आमच्यासारख्यांना हे विचारण्याचा टप्पाच येत नाही. आम्ही एरिया निवडत नाही, कुठला एरिया आम्हाला चालवून घेतो ते शोधत फिरतो.

परत काकूंकडं. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर मुलगा-सुनेचा मोठा फोटो होता. कौतुकानं सांगितलं, दोघंही पुण्यात आयटीत, वाकडला भाड्यानं राहतात, भाडंच तीस हजार. वरचा मजला त्यांच्यासाठीच बांधला होता, पण आता ते कुठले येतात. म्हणजे बघा, अख्ख्या जुळे सोलापुरात वरचे मजले रिकामे, कारण पोरं पुण्यात दुसऱ्याच्या वरच्या मजल्यावर. आणि तिथला मालक मराठी पोरांना नको म्हणाला, नॉनव्हेज चालणार नाही म्हणाला, की हेच काका-काकू व्हॉट्सॲपवर चिडून फॉरवर्ड पाठवणार.

नॉनव्हेजवरून आठवलं. आडनाव! त्या काही महिन्यांत माझ्या आडनावाचा जेवढा अभ्यास झाला तेवढा माझ्या विषयाचा मी केला नाही. आडनावावरून अंदाज लागेना, मग गाव. गावावरून लागेना, मग "तुमच्याकडं देवक काय?" एका मालकानं तर सरळ विचारलं, "तुमच्यात चालतं का?" काय चालतं? मटण चालतं, अंडी चालतात, सुकट तर पळतं. माझ्या एका मैत्रिणीला यातलं काहीच ऐकावं लागलं नाही. तिनं फोनवर नाव सांगितलं आणि पलीकडून फोन कट. ती आज दुसऱ्या शहरात आहे. या शहराची आपण बहुभाषिक, बहुधर्मीय म्हणून भाषणं ठोकतो ना, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू वगैरे? ती भाषणं गेटच्या बाहेरची आहेत. गेटच्या आत आल्यावर देवक.

माझा नवरा गिरणी कामगारांच्या इतिहासावर काम करतो, त्यामुळे हे सगळं तो माझ्यापेक्षा शांतपणे घेतो (मला त्याचाही राग येतो). त्याचं म्हणणं, हे गाव भाडेकरूंनीच वाढवलंय. जुनी मिल, विष्णू-लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या इथं चालू होत्या तेव्हा कामाला आलेली माणसं कुठली होती? कर्नाटकातली, तेलंगणातली, मराठवाड्यातली. सगळी चाळींत, दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं. आज ज्यांच्या गेटला पाटी आहे त्यातल्या कितीजणांचे आजोबा हातात पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनवर उतरले असतील. त्यांना कुणी सॅलरी स्लिप मागितली होती का?

ठीक आहे, मालकांनाही फसवणारे भेटतात, भाडं थकवून रात्रीत सामान नेणारे असतात, मान्य. पण त्यासाठी कायदा आहे की. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी पाहिजे, रजिस्टर पाहिजे आणि तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकंच नाही, रजिस्टर केलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. म्हणजे रजिस्ट्रेशन मालकाच्याच फायद्याचं. पण आम्ही रजिस्टर करू म्हटलं की यांचा चेहरा पडतो. "कशाला खर्च, स्टँपवर नोटरी करून टाकू." आमची सात पिढ्यांची माहिती पाहिजे, स्वतःचा एक कागद द्यायचा नाही.

असो. एवढं लिहून थोडं शांत वाटतंय. काकू वाईट नव्हत्या. नाही म्हणून सांगितल्यावरही त्यांनी चहा पूर्ण प्यायला लावला, गेटपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला काय नाही गं, आमच्या यांना चालत नाही." बहुतेक खरंच असेल. घर त्यांच्या नावावर नव्हतं, फक्त 'नाही' म्हणायचं काम त्यांच्याकडं होतं.

आम्हाला शेवटी घर मिळालं ते पूर्व भागात, जिकडं "नको बाबा, सारखी खटखट" म्हणून सगळ्यांनी अडवलं होतं. खाली यंत्रमाग, टॉवेल निघतात. मालकीण अव्वा, पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), मराठी तेलुगूच्या चालीवर बोलतात. त्यांनी विचारलं ते एवढंच, "आवाज चालतंय का?" चालतंय म्हटलं. खटखट सकाळी सुरू होते, फरशीतून पायाला लागते, आणि लाईट गेली की एकदम थांबते, तेव्हा आम्ही दोघंही दचकून लॅपटॉपवरून मान वर काढतो. विद्यापीठ लांब पडतं, दोन गाड्यांचं पेट्रोल जातं. पण पहाटे पाणी आलं की अव्वा जिन्यातून ओरडतात, "ओ पीएचडी, उठा, पिंप लावा!" फेलोशिप थकली तेव्हा दोन महिने भाड्याचं नावही काढलं नाही. करार? रजिस्टर केला. अव्वांच्या नातवानंच ऑनलाईन सगळं केलं, आम्हाला विचारायची वेळसुद्धा आली नाही.

आणि आता कमेंटमध्ये "मग एजंटकडून का गेला नाहीत" असं विचारणारे येतीलच. गेलो होतो. एक महिन्याचं भाडं कमिशन म्हणून आधी घेतलं आणि पहिली दाखवलेली खोली त्याच्या मेव्हण्याची निघाली. तिथंही मेव्हण्याच्या आईनं विचारलंच, कमवतंय कोण.