ऐरोलीकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: रंगाचा कोड आणि उन्हाने खाल्लेला रंग

नमस्कार ऐरोलीकर,

जुन्या गाडीच्या टचअपवरच्या, म्हणजे ओरखड्यापुरता रंग लावण्यावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर विरोध केलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: कंपनीचा रंगाचा कोड गाडीवरच छापलेला असतो, तो सांगून बाटली मागवायची, लावायची, विषय संपला. नमुना कार्ड (रंग आधी कार्डावर लावून बघणं), ऊन-सावली हा सगळा घोळ मी उगाच घालतो आणि लोकांना पेंटरच्या दारात उभं करतो. तुम्ही स्वतःच्या सिल्व्हर वॅगन आरला अशीच बाटली लावलीत आणि फरक ओळखू येत नाही. जुळलं नाहीच तर अख्खा पॅनल, म्हणजे पूर्ण दार किंवा बॉनेट, रंगवून घ्यावा. आणि पावसाळ्यात रंगकाम टाळा म्हणणं म्हणजे पत्रा गंजायला सोडून देणं.

कोड खोटा नसतो. पण तो गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचा रंग सांगतो. सोसायटीत उघड्यावर बारा-चौदा वर्षं उभ्या असलेल्या एखाद्या लाल गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडून बघा. दाराच्या चौकटीला आतून जो लाल आहे तो गडद, भरीव. त्याच दाराची बाहेरची बाजू फिकी, नारिंगीकडे झुकलेली. साइड बीडिंग (दारावरची आडवी पट्टी) निघाली असेल तर तिच्याखालचा पट्टा अजून जुन्या रंगाचा दिसेल. कोडची बाटली त्या चौकटीशी जुळते. ओरखडा मात्र बाहेर पडलेला असतो.

तुमच्या गाडीवर फरक दिसला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण ती सिल्व्हर आहे. सिल्व्हरची चमक ॲल्युमिनियमच्या बारीक कणांची असते आणि ऊन धातूला विटवत नाही. वरचा लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मंद होतो, थोडा पिवळट पडतो, एवढंच. लाल, मरून यांची गोष्ट वेगळी. त्यातली बरीच रंगद्रव्यं अतिनील किरणांपुढे टिकत नाहीत. शिवाय जुन्या गाड्यांच्या साध्या रंगांवर पुष्कळदा लॅकरचा थरच नसायचा, म्हणजे ऊन थेट रंगावर. अशा गाडीच्या बॉनेटवर पांढरं फडकं कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावून घासलं की फडकं लाल होतं. वरचा मेलेला, खडूसारखा थर निघून येतो आणि खालचा रंग बराच गडद निघतो. म्हणूनच मी लिहिलं होतं की रंग जुळवायच्या आधी तळहाताएवढी जागा धुऊन, पॉलिश करून घ्या. ही पायरी गाळली तर आपण गाडीचा रंग जुळवतच नसतो, तिच्यावरचा मळ आणि मेलेला थर जुळवत असतो.

सिल्व्हरबद्दल एक सावधगिरी मात्र सांगतो, कारण तुमचा सल्ला वाचून कुणीतरी बोटभर लांब ओरखड्यावर ब्रश फिरवेल. खडी उडून पडलेल्या टवक्याला ब्रश चालतो, तिथे मीही कोडचीच बाटली वापरा म्हणेन. पण लांब ओरखड्यात ब्रशने लावलेले धातूचे कण वेडेवाकडे बसतात, स्प्रे गनने ते आडवे पसरतात. म्हणून तीच बाटली, तोच कोड, तरी ब्रशची रेघ काळपट दिसते. ती उजळावी म्हणून पांढरा मिसळला तर सिल्व्हर दुधाळ होतं आणि त्याची चमकच जाते.

अख्ख्या पॅनलच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. डोळा रंग लक्षात ठेवण्यात कच्चा असतो, पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन रंगांत तो फार तिखट असतो. नवं कोरं दार आणि जुना फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यामधे चार-पाच मिलिमीटरची सरळ फट असते आणि तिथेच फरक उघडा पडतो. मूगाएवढा ठिपका थोडा गडद असला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पॅनल मारावाच लागला तर पेंटरला दोन गोष्टी सांगा: रंग शेजारच्या पॅनलवरून जुळव, आणि बेस कोट (लॅकरखालचा रंगाचा थर) शेजारच्या पॅनलवर विरत नेऊन लॅकर दोन्ही पॅनलवर पूर्ण मार. याचे पैसे जास्त लागतात आणि ते द्यावेत.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या असं सगळे सांगतात. सोय चांगली आहे, पण ते झाकण उभं असतं. बॉनेट आणि टप डोक्यावरचं ऊन खातात, दारं त्यामानाने वाचतात, भिंतीकडची बाजू त्याहून वाचते. एकाच गाडीवर दोन-तीन छटा असतात. बॉनेटवर ओरखडा असेल तर गाडीच दुकानापर्यंत न्या. दुकानात रंग मोजायचं यंत्र असेल तर ते पॉलिश केलेल्या जागेवरच ठेवायला सांगा.

आता तुम्हाला खटकलेलं नमुना कार्ड. कार्डावर आधी गाडीवर मारणार त्याच रंगाचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मग खालचं काही दिसेनासं होईपर्यंत रंगाचे हात, पूर्ण वाळू द्यायचं आणि अर्ध्या भागावर लॅकर. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात, बेस कोट तर लॅकर चढेपर्यंत फिकाच दिसतो. मग कार्ड पत्र्याला चिकटवून धरायचं: उन्हात, सावलीत, समोरून आणि तिरकं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या शेडच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला लाल घोडबंदर रोडच्या उन्हात वेगळा पडू शकतो, कारण दोन वेगळ्या मिश्रणांचे रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसतात. यासाठी पेंटर लागत नाही. घरच्या घरी होतं, खर्च नगण्य, आणि चुकीचा रंग गाडीऐवजी कार्डावर राहतो.

पावसाळ्याबद्दल आपलं भांडण नाहीच. उघडा पत्रा एक दिवसही तसा ठेवू नये, त्यातून खाडीच्या वाऱ्यातला खारटपणा. गंज घासून काढा, पावसाची उघडीप मिळाली की जागा हेअर ड्रायरने कोरडी करून पाणी न धरणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचा हात द्या. रंग आणि लॅकर मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबू द्या. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर पांढुरका पडतो. मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं.

कोड लिहून ठेवाच. दुकानदार तिथूनच सुरुवात करतो, आणि एका कोडच्या पोटात बऱ्याचदा दोन-चार जवळच्या छटा असतात. त्या दाखवायला सांगा, आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा.