पेंग्विनखालचा कापूस

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. मामेबहिणीने तर खाली लिहिलं, "तुझ्या शाळेतही हेच चालतं ना गं?" सारांश असा: 'तुमचं प्राणिसंग्रहालय आखा' हा प्रकल्प शाळांनी बंद करावा. त्यातून मुलं प्राणी कोंडायला शिकतात, काम सगळं आईबाप करतात, माहिती मोबाइलवरही मिळते, प्राणिसंग्रहालयांमुळे एकही प्राणी वाचलेला नाही, आणि राणीबागेत बर्फातला पेंग्विन आणून ठेवणाऱ्यांच्या मुलांनी अधिवास तो काय शिकायचा!

मी पाचवीला शिकवते आणि हा प्रकल्प दरवर्षी देते. सुरुवात पेंग्विनपासूनच करते, कारण तिथे लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

राणीबागेत, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, २०१६ साली आणले ते हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. त्या किनाऱ्याला लागूनच अटाकामाचं वाळवंट आहे, जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. बर्फाचा पत्ता नाही. गारवा येतो समुद्रातून: दक्षिणेकडून वर येणारा हम्बोल्ट प्रवाह थंड, त्यात मासळी भरपूर, म्हणून पेंग्विन तिथे. अंडी घालायला ते समुद्रपक्ष्यांच्या वर्षानुवर्षं साचलेल्या विष्ठेच्या थरात बिळं उकरतात. एकोणिसाव्या शतकात हाच थर खत म्हणून खणून जहाजं भरभरून नेला गेला आणि त्यांच्या घरट्यांची जागाच गेली. राणीबागेतलं त्यांचं दालनही १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात. महाबळेश्वरच्या थंडीत आपण स्वेटर घालून फिरतो, तेवढंच.

माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन गट पेंग्विनखाली बर्फ म्हणून कापूस पसरतात. मी चूक म्हणत नाही, फक्त नकाशा पुढे करते. मग कापूस निघतो, वाळू येते, खडक येतात, आणि बिळं कशाची करायची यावर हसून हसून वर्ग डोक्यावर घेतात. (खरीच शी आणायला हवी, असं एकाचं ठाम मत होतं.) आणलेल्या आठांपैकी एक पेंग्विन काही महिन्यांतच दगावला, हेही मी सांगते. त्यांना मुंबईत आणायला हवं होतं का, यावर मुलं माझ्याहून जोरात भांडतात.

आता कोंडण्याचं. आमच्याकडे भिंत आखण्याआधी त्या प्राण्याचं मागणीपत्र लिहावं लागतं. खातो काय, झोपतो कुठे, एकटा राहतो की कळपात, दिवसभर करतो काय. अस्वल घेतलेल्या गटाने आधी नुसतं 'मध आणि फळं' लिहिलं होतं. शोधल्यावर कळलं की त्याचा मोठा उद्योग म्हणजे वारुळं फोडून वाळवी ओढून घेणं. त्यासाठी वरचे मधले दोन दात नसतात आणि नाकपुड्या मिटता येतात. मग त्या आवारात वारूळ आलं, उकरायला माती आली. हत्तीचा गट दरवर्षी अडतो. तो दिवसभर किती चालतो आणि किती खातो हे मांडलं की कागद पुरत नाही. "बाई, मग ठेवायचाच कशाला?" केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं, हे मी तेव्हाच सांगते, आधी नाही. कोंडणं शिकवायचं असतं तर पिंजऱ्याच्या लोखंडी गजांचं चित्र रंगवायला दिलं असतं. गजांऐवजी खंदक वापरून मोकळी आवारं करायची पद्धत तरी जर्मनीच्या कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये हँबुर्गजवळच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात रुजवलीच होती. फॉरवर्डमधलं प्राणिसंग्रहालय मात्र त्याच्याही आधीचं दिसतं.

आईबाप काम करतात, हे मान्य. रात्री अकराला थर्माकोल कापणारे बाबा मीही पाहिलेत. म्हणून आम्ही सगळं वर्गातच करतो, चौकटींच्या वहीवर, एक चौकट म्हणजे एक मीटर. क्षेत्रफळाचा धडा फुकटात होतो.

मोबाइलवरच्या माहितीबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. व्हिडिओ पाहून आलेलं मूल कुठल्याही प्राण्यापुढे एकच शब्द लिहितं: जंगल. वाघ जंगलात, लांडगा जंगलात, काळवीट जंगलात. गेल्या वर्षी लांडग्याच्या गटाने आवारात दाट झाडी लावली. मी विचारलं, काळवीट पळालं तर यात हा धावणार कसा? आपल्याकडचा लांडगा माळरानावरचा. खोकड, काळवीट, सोलापूरकडच्या नान्नजचा माळढोक, हे सगळे उघड्या गवताचे रहिवासी. सरकारी दप्तरात या जमिनीला बऱ्याचदा पडीक म्हणतात आणि भल्या हेतूने तिथे झाडं लावली जातात. माळढोकाच्या दृष्टीने ती झाडी म्हणजे अंगणात बांधलेली भिंत. त्या मुलांनी मग झाडं खोडली आणि दोन बोरी-बाभळी तेवढ्या ठेवल्या. हे खोडणं व्हिडिओत होत नाही.

एकही प्राणी वाचलेला नाही म्हणे. अरबी ओरिक्स हा हरणासारखा वाळवंटी प्राणी १९७२ मध्ये निसर्गातून संपला होता. अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या कळपाच्या वंशातले प्राणी १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले गेले. ओडिशात नंदनकाननमध्ये १९८० साली बंदिवासात सुसरीची, म्हणजे घडियालची, पिल्लं झाली. पण सगळंच काही संवर्धन नसतं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. १९५१ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाजवळ पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाची त्याच्याच लेकीशी जोडी लावून ही पैदास सुरू झाली, आणि पुढेही नात्यातच. दरवर्षी एक तरी गट पांढरा वाघ हवाच म्हणून हटून बसतो. मी त्यांना फक्त अधिवासाचा रकाना भरायला देते. बराच वेळ पेन्सिल चघळून झाली की शेजारच्या गटाचा, साध्या वाघाचा कागद मागायला येतात.