गारव्यासाठी घाम

मेहुण्याने जपानहून आणलेली साकेची, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूची, बाटली आमच्या कपाटात आठ महिने उभी होती. कपाटाला काच आहे, त्यामुळे आल्यागेल्याला ती दिसायची आणि आमची पत वाढायची. उघडायचा धीर मात्र कुणाला झाला नव्हता. एक तर लेबलावरचं अक्षर कळत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मी तिला इतके दिवस ‘साकी’ समजत होतो. साकी म्हणजे माझ्या डोक्यात एक तर गझलेत प्याले भरून देणारी, नाही तर संगीत नाटकात दिंडीच्या शेजारी बसणारी. दोघींपैकी कुणालाही फ्रीजमध्ये ठेवावं असं मनात येत नाही.

ऐन उन्हाळ्यात मेहुणा घरी आला आणि कपाटासमोर थबकला.

“भाऊजी, ही अजून इथेच?”

“मुरू दे म्हटलं.”

“अहो, बहुतेक साके मुरवायची नसते! वर्षाच्या आत संपवायची. आणि साकी नव्हे, साके. खरं तर साकेही नव्हे. तिकडे साके म्हणजे कुठलीही दारू. हिला निहोनशू म्हणतात.”

दोन मिनिटांत जिचं दोनदा बारसं झालं, तिच्याशी आपला संसार कसा व्हायचा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मेहुण्याने बाटलीच्या पोटाला हात लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. साके किती गार-गरम प्यायची याला तिकडे दर पाच अंशांवर वेगळं नाव आहे म्हणे. ५ अंश म्हणजे युकिबिए, बर्फासारखी गार. १० अंश म्हणजे हानाबिए, फुलासारखी गार. वर चढत गेलं की ३० ला हिनाताकान, म्हणजे उन्हात बसल्यासारखी, आणि ३५ ला हितोहादाकान, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी कोमट. आमची बाटली कुणीही न तापवता हितोहादाकान झाली होती.

“रविवारी आम्ही दोघं येतो. काकडी घालून मस्त गार कॉकटेल करू. फार सोपं असतं.”

फार सोपं असतं म्हणणारा माणूस त्यानंतर लगेच चपला घालतो, हे मी आयुष्यात अनेकदा पाहिलं आहे.

बाटली ७२० मिलिलिटरची. जपानी मापात १८० मिलिलिटरचा एक ‘गो’, म्हणजे बाटलीत चार गो. रविवारी चार माणसं. माणशी एक गो, असा हिशेब जमल्यावर मला इतका आत्मविश्वास आला, की मी शनिवारी रंगीत तालीम ठेवली.

पहिल्या तालमीत मी साकेला जिनसारखी वागवली. जिन असते चाळीस टक्क्यांच्या आसपास. तिच्यात लिंबू पिळा, साखरेचा पाक ओता, ती सगळ्यांना पुरून उरते. साके पडली पंधरा-सोळा टक्क्यांची, तांदळाची, अबोल स्वभावाची. तिच्यात आंबटपणाही वाइनच्या मानाने फारच कमी. मी एक गो साकेत दीड लिंबू पिळलं. त्यानंतर साके कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेल्यात होतं ते निखळ लिंबू सरबत. फक्त ते प्यायल्यावर कान गरम होत होते.

त्या रात्री पश्चात्ताप म्हणून मी साकेविषयी वाचत बसलो आणि आणखी खचलो. साके करताना तांदूळ आधी घासतात. दाइगिंजो नावाच्या उंची साकेसाठी तर दाण्याचा निम्म्याहून कमी भाग उरला तरी चालतो, निम्म्याहून जास्त उरलेला चालत नाही. मग वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ही कोजी पिष्टाची साखर करते, आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेची दारू करतं. एकाने कमवायचं आणि दुसऱ्याने ते तिथल्या तिथे उडवायचं, ही पद्धत मला नवी नव्हती. आमच्या घरात दुसऱ्याचं काम मीच करतो. पण पुढे असं होतं, की २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोजी वापरून साके बनवण्याच्या या पारंपरिक कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. त्या वारशात मी दीड लिंबू पिळलं होतं.

आता काकडी. काकडीत ९५ टक्के पाणी असतं. उरलेल्या पाच टक्क्यांत ती माणसाची किती परीक्षा घेऊ शकते, याची मला कल्पना नव्हती. रविवारी सकाळी दुसऱ्या तालमीसाठी पहिली काकडी घेतली. डोकं उडवलं, त्या चकतीने कापलेला भाग गोल गोल घासला, फेस काढला. (जपानी स्वयंपाकघरातही असंच घासतात म्हणे. दोन संस्कृती एवढ्या लांबून एकाच फेसापर्यंत पोचल्या, हे ऐकून बरं वाटलं.) फेस भरपूर निघाला. कडूपणा जागेवरच राहिला. मी मात्र चव न बघता काकडी मिक्सरमध्ये घातली, रस गाळला आणि एक गो साकेत मिसळला.

कडू काकडीचा दोष असा, की ती मूठभर असली तरी हंडाभर बोलते. कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य त्याला कारण. ते देठाकडे आणि सालीच्या लगत जास्त असतं. हे मला दुसरा गो मोरीत ओतल्यावर समजलं. चार गोंपैकी दोन गेले होते, आणि पाहुणे यायला सहा तास होते.

मग मी सूडाने पेटलो. पुढची काकडी देठाकडून चार बोटं कापली. साल काढली. सालीखाली हिरवट दिसलं, तेही काढलं. बिया खरवडल्या. दुसरं टोक उगाच संशयावरून उडवलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

“अहो, काय उरलं त्यात?”

“साधारण पस्तीस टक्के,” मी म्हणालो. “ही काकडीची दाइगिंजो आहे.”

तिने ओट्यावरच्या सालीबियांच्या ढिगाकडे पाहिलं आणि काही न बोलता माझ्यापुढे केरसुणी ठेवली.

रस दुपारीच काढून ठेवला, ही पुढची चूक. काकडीचा तो ओला, हिरवा वास काकडीत तयार नसतोच. ती चिरली, पेशी फुटल्या, की तो तेव्हा जन्मतो आणि थोड्या वेळाने निघूनही जातो. संध्याकाळी बघतो तर भांड्यात वर पाणी, खाली गाळ, आणि वास पाहुणे उठून गेल्यानंतरच्या फुलदाणीचा. म्हणून पाहुणे दारात आणि मी पुन्हा मिक्सरपाशी, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. आत मेहुण्याची बायको विचारत होती, “काही मदत करू का?” आणि मी हसत “छे छे” म्हणत होतो. त्या ‘छे छे’ने माझं फार नुकसान केलं आहे.

शेकर म्हणून माझ्याकडे घट्ट झाकणाचा स्टीलचा उभा डबा होता. त्यात चौघांची २४० मिलिलिटर साके, काकडीचा ताजा रस, लिंबाचे मोजून आठ थेंब आणि डबाभर बर्फ घातला. सगळ्यांसमोर उभा राहून डबा खांद्यावर घेतला आणि हलवला. ते मात्र झकास जमलं. डब्यावर दव जमलं, बोटं बधिर झाली, मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मग मी झाकण उघडायला गेलो.

झाकण उघडेना.

यात झाकणाचा दोष नाही. बंद करताना आतली हवा खोलीइतकी गरम असते, बर्फाने ती एकदम गार होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबून धरते. म्हणजे सगळं वातावरण एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. मी ओढलं. मेहुण्याने ओढलं. मग एकाने डबा आणि दुसऱ्याने झाकण धरून आम्ही खोलीभर रस्सीखेच केली. बायकोने कडेला उलथन्याने दोन टोले दिले. मेहुण्याची बायको म्हणाली, “थोडा वेळ तसाच ठेवा ना,” तर तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरं म्हणजे तेवढं एकच करायला हवं होतं.

दम खायला बसलो, तेव्हा मेहुण्याने कप्पाची गोष्ट काढली. कप्पा म्हणजे जपानी लोककथेतला नदीत राहणारा खट्याळ जीव. काकडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. काकडीच्या सुशीला कप्पामाकी म्हणतात ते त्याच्यावरूनच. त्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा असतो, त्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात त्याची सगळी ताकद. पण तो कमालीचा शिष्टाचारी. तुम्ही वाकून नमस्कार केलात, की त्याला राहवत नाही, तोही वाकतो. पाणी सांडतं आणि ताकद संपते.

“मूर्खच आहे,” मी म्हणालो, आणि डबा गरम पाण्याच्या नळाखाली धरला.

झाकण उघडलं. इतकं अचानक उघडलं, की निम्मं पेय ओट्यावर आणि काही माझ्या चष्म्यावर गेलं. उरलेल्यात बर्फाचा एक खडा शिल्लक नव्हता. मेहुण्याने बोट बुडवलं, डोळे मिटले. मी म्हटलं, “याला काय म्हणतात ते सांगू नकोस.”

बाटलीत १२० मिलिलिटर साके राहिली होती. बायकोने ती माझ्या हातातून घेतली. फ्रीजमधले चार छोटे पेले काढले, प्रत्येकात तीस-तीस मिलिलिटर साके ओतली, काकडीची एक पातळ चकती, आधी कोपरा चाखून बघितलेली, वर सोडली, आणि मिठाचे चार कण. सगळं मिळून दोन मिनिटं. लिंबू नाही, पाक नाही, हलवाहलवी नाही. मी पेला नाकाशी नेला. आधी काकडीचा वास आला, त्याच्या मागून भाताच्या वाफेसारखं, किंचित खरबुजासारखं काहीतरी. दिवसभर मी ज्याला धरायला धावत होतो, ते इथे स्वतःहून येऊन बसलं होतं.

मेहुणा उठून उभा राहिला. “कानपाई म्हणायचं. शब्दशः अर्थ, कोरडा पेला.” आणि माझ्या दिवसभराच्या कष्टांचा मान राखायला म्हणून त्याने अस्सल जपानी पद्धतीने, कमरेत वाकून, मला नमस्कार केला.

आता समोरचा माणूस एवढा वाकतो म्हटल्यावर आपण ताठ कसं राहणार? मीही वाकलो. पेला हातात होता.

“अहो कप्पा,” बायको म्हणाली, “फडकं ओट्यावर आहे.”