वहीत आधी माणसं मोजा

कोकणातल्या बालपणावरच्या पोस्ट वाचताना एक गोष्ट खटकते. आंबे, करवंदं, समुद्र, आजीच्या हातची घावनं, सगळं असतं. मिरग लागल्यावर घर कसं ओस पडायचं, ते मात्र कुणी लिहीत नाही. मे महिन्यात ज्या घरात पंधरा-वीस माणसांची पंगत बसायची, तिथे जूनच्या मध्यावर आजी, आजोबा आणि एक पोर उरायचं. मुंबईकर गेले, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं, आणि खेळायला जायचं तर दुसरी वाडी पऱ्यापलीकडे.

हे ज्यांच्या वाट्याला आलं ते आज चाळिशी-साठीत आहेत. त्यातले बरेच जण कधीतरी लिहायला बसतात आणि दुसऱ्याच पानावर अडतात. पहिलं वाक्य असतं, ‘मला लहानपणी फार एकटं वाटायचं.’ या वाक्याला पुढे वाटच नाही. माझं मत सरळ आहे: भावना मागाहून, आधी मोजमाप.

दोनशे पानी वही घ्या. एका पानावर वय 4 ते 14 अशा 11 ओळी आखा. प्रत्येक ओळीत एवढंच लिहा: त्या वर्षी रात्री घरात झोपायला कोण कोण होतं, पोर कुणाच्या कुशीत झोपायचं, त्या वर्षी कोण गेलं, कोण आलं. त्याआधीचं खणू नका. तिसऱ्या वर्षाच्या आतलं मोठेपणी सहसा आठवत नाही. जे आठवल्यासारखं वाटतं ते बहुधा घरच्यांनी सांगितलेलं असतं. झोपायच्या जागेचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. ‘तेव्हा आई कशी वागायची’ याला गोल गोल उत्तर येतं. माजघरात गोधडी कुठे पडायची, याला नेमकं येतं.

मग घराचा नकाशा. खळं, पडवी, माजघर, माळा, मागलं दार, गोठा. पोर जिथे ताटकळत बसायचं तिथे फुली. तिथून जवळचं सवंगड्याचं घर किती पावलांवर? मोठ्या माणसाची दोनशे पावलं म्हणजे सहा वर्षांच्या पोराची तीनशेच्या वर. आणि हे अंतर दोनदा लिहायचं, एकदा मे महिन्यातलं आणि एकदा जुलैमधलं. साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला असेल तर जुलैच्या रकान्यात आकडाच नसतो. ज्या पोराला सगळे ‘एकलकोंडं’ म्हणायचे, त्याला खेळायला कुणी पोचूच शकत नव्हतं, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं.

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, सोबतीला गोतावळा नसणं. दुसरा, जिवाभावाचं एक माणूस नसणं. आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. कोकणातल्या पोराला हे अगदी चपखल बसतं. गणपतीत घर भरायचं, पहिला मिटायचा. आई मुंबईलाच राहिली असेल तर दुसरा त्या गर्दीत जास्त टोचायचा. म्हणून 11 ओळींपुढे ‘गोतावळा’ किंवा ‘माणूस’, काय कमी होतं ते एका शब्दात लिहा.

आता कागद. शाळा सोडल्याचा दाखला काढा. त्यावर शाळेत घातल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि कारणाचा रकाना. तिथे बऱ्याचदा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असतं. पोराला विचारलं होतं का, याला रकाना नाही. ट्रंकेत निळी आंतरदेशीय पत्रं असतील, मनीऑर्डरची कूपनं असतील. खुशालीच्या त्या दोन ओळी आणि पोस्टाचा शिक्का. शिक्क्यांच्या तारखा ओळींपुढे चढवा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाप गिरणीत असेल आणि त्या वर्षापासून कूपनं थांबली असतील, तर बापाचं गप्प होणं वेगळं वाचावं लागतं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली 26 जानेवारी 1998 ला. त्याआधी मुंबईहून येणं म्हणजे बहुतेकांना रात्रभराची एसटी. आई-बाप वर्षातून दोनदाच का यायचे, याचं अर्धं उत्तर इथे आहे. अर्धंच, हं.

प्रत्येक आठवणीपुढे समासात खूण करा: ‘आ’ म्हणजे स्वतःला आठवतंय, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘अं’ म्हणजे अंदाज. आणि ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द दिसले की खोडून एक तरी ठरावीक दिवस लिहा. ‘असुरक्षित वाटायचं’ हा मोठ्यांचा शब्द. पोराच्या पोटात गोळा यायचा, तोच लिहा.

एवढं झालं की मग भावना. पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांनी 1986 च्या प्रयोगात लोकांना रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं. लिहून उठल्यावर मन आणखी जड झालं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. तेव्हा पहिल्या संध्याकाळी जड वाटलं म्हणून वही फेकू नका. पण दोन आठवडे झोप उडाली, तर लिहिणं थांबवून माणसाशी बोला. जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नका, लगेच बोला. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

इथे दोन जागी घसरायला होतं. एक, गुन्हेगार शोधण्यात: काका, सावत्र आजी, कुणीतरी एक. कधी खरंच एक जण दोषी असतो, मग ते स्पष्ट लिहावं. पण दरवेळी नसतो. दुसरी घसरण मला जास्त खटकते: ‘म्हणूनच मी खंबीर झालो’. अरे, आधी नुकसान तर मोजा! देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा आधी कोण, कुठला, काय बिघडलं ते सांगतात, मागणं शेवटी. लिहिताना मात्र लोक मागण्याच्याही पुढे जाऊन थेट प्रसाद वाटायला लागतात.

वही लगेच फेसबुकवर टाकू नका. गणपतीत चुलत भावंडं आली की त्यातल्या एकाला कोरं पान द्या आणि त्याच 11 ओळी भरायला सांगा, मुंबईच्या चाळीतल्या खोलीच्या. रात्री कोण कोण झोपायचं, कुणाच्या शेजारी, जूनमध्ये गाव सोडून आल्यावर काय कमी असायचं. गौरी गेल्या की दोन्ही पानं शेजारी ठेवून बसा. घाई करू नका, तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढायला सांगा.